तक्रार अर्जावरची माझी सही

“बनियनवर फाटकात बसतात हो. आमची मुलगी सायकल काढेना झालीय. माणसं वाईट आहेत असं नाही, पण राहायची काही लेव्हल असते ना?”

साहेब माझ्यासमोर बसून हे मलाच सांगत होते. बनियनवर बसणाऱ्यांतला एक मी होतो.

आखातातल्या शहरातली, मदिनत खलीफा भागातली ती गल्ली. कंपनीनं तिथला एक जुना व्हिला भाड्यानं घेऊन आम्हा एसी मेकॅनिकना त्यात कोंबलं होतं. त्या शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून दूध आणायला गेलो होतो. फोनवर बायकोशी मराठीत बोलत होतो. शेजारच्या व्हिल्यातले साहेब थांबले. पुण्याचे, गॅस कंपनीत मोठे इंजिनिअर.

“अरे वा, मराठी! नवीन दिसताय. फॅमिली सुट्टीला इंडियात गेली असेल? आमचीही पुढच्या आठवड्यात निघतेय. या ना चहाला.”

उन्हाळ्यात इथल्या साहेबलोकांची बायकामुलं गावी जातात. मी त्यांच्यातलाच एक, असं त्यांना वाटलं. मी “हो” म्हणालो. का म्हणालो? ‘तुम्ही’ ऐकून हुरळलो. आणि घाबरलोही. आमच्या कंपनीला कामं त्यांच्याच ऑफिसातून मिळायची. त्यांचा एक फोन गेला असता तर माझं परतीचं तिकीट निघालं असतं.

वहिनींनी चहा-चिवडा दिला. मग साहेबांनी कागद पुढे सरकवला. नगरपालिकेला तक्रार अर्ज. आमच्या व्हिल्याविरुद्ध. खाली गल्लीतल्या घरांच्या सह्या.

“आपण काही जगावेगळं मागत नाही. सरकारचा कायदाच आहे, फॅमिली एरियात बॅचलर ठेवायचे नाहीत. नकाशाच आहे हा, बघा.” मोबाइलवरच्या सरकारी नकाशात आमची गल्ली ‘फॅमिली एरिया’ म्हणून रंगवलेली होती. “दोन फॅमिली कंटाळून घर बदलून पार अल थुमामाला राहायला गेल्यासुद्धा. आता आपली पाळी.”

इथं बॅचलर म्हणजे बायको-मुलांशिवाय राहणारा कामगार. मला दोन मुली आहेत. बायकोमुलांना आणायचं तर सरकारनं ठरवलेला पगार लागतो, तो मला नाही. आणायला परवानगी सरकार देत नाही, आणि एकटा राहतोस म्हणून गल्लीतून काढतं तेही सरकारच.

तेव्हा यातलं काही सुचलं नाही. मी अर्ज वाचत राहिलो. तेवढ्यात वहिनींनी विचारलं, “आडनाव काय म्हणालात?”

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखतो. त्याच्यानंतर लोकांचे चेहरे कसे बदलतात तेही. मी पेन उचललं आणि सही केली. आडनाव वाचता येणार नाही अशी.

घरी आलो तर खोलीतल्या बिहारच्या चाचांनी माझ्यासाठी ताट झाकून ठेवलेलं. ते तसंच बाजूला सारलं. बाप आठवला. आमची वस्ती ओढ्यापलीकडे, गावाबाहेर. पाण्याची टाकी गावातच हवी, अशा ठरावावर सरपंचानं बापाचा अंगठा घेतला होता. बापाला वाचता येत नव्हतं. मला येतं. मी तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला होता आणि मग सही केली होती. स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघताना कंपनीच्या युनिफॉर्मवरच साहेबांची बेल वाजवली.

“एसीवाला का? आम्ही बोलावलं नाही.” मग त्यांनी नीट पाहिलं.

“साहेब, मी बाजूच्या व्हिल्यातला. कालची सही खोडायचीय.”

“म्हणजे तू काल खोटं बोललास?”

‘तुम्ही’ संपलं होतं.

“हो. घाबरलो होतो. आत्ताही घाबरलोय. कागद द्या.”

“तुझ्या कंपनीला कळवलं तर काय होईल, माहितीय?”

“माहितीय. कळवा.”

त्यांनी कागद आणला. मी सही खोडली. शेजारी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि राहायचं ठिकाण.

अर्ज गेलाच. थोड्या दिवसांत कंपनीच्या बसनं आम्हाला शहराबाहेर, मेसईदकडच्या कामगारांच्या कॅम्पात नेलं. नोकरी अजून आहे. पण फोरमननं हाक मारली की परतीचं तिकीटच डोळ्यांसमोर येतं. ही भीती जाईल असं मला वाटत नाही.

मला हाकलायचं असेल तर कायदा त्यांचा आहे, नकाशा त्यांचा आहे, बसही त्यांची आहे. खुशाल हाकला. मला हाकलायच्या कागदावर माझी सही मात्र यापुढं मिळणार नाही.