दंडावरचा चट्टा

यांची जूट कंपनीतली नोकरी गेली, म्हणून मी कामाला लागले. तोवर कलकत्त्यात एकटीनं ट्राममध्ये बसायचीसुद्धा मला भीती वाटायची. काम होतं बायकांच्या सलूनमध्ये. ‘सलून’ म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांपुढे न्हाव्याचं दुकान यायचं, म्हणून घरात आम्ही त्याला ‘मॅडमचं दुकान’ म्हणायचो. मॅडम म्हणजे मालकीण. अँग्लो-इंडियन, विधवा, बोलायला कडक, मनानं वाईट नव्हत्या. तिथं मी केस धुवायची, पुसायची आणि बायकांना कलप लावायची. बोलावं फारसं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

कलपाच्या बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं असे, की लावण्याआधी एक थेंब कातडीवर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. मॅडम नियमाच्या पक्क्या. पण बालीगंजहून मोटारीतून येणारी बाई हातावर काळा ठिपका घेऊन घरी कशी जाणार? म्हणून नवी बाटली फोडली की थेंब माझ्या हातावर लागायचा. दुसऱ्या दिवशी मॅडम विचारायच्या, “खुजली हुआ?” मी मान हलवून नाही म्हणायची. मग बाटली वापरात.

डाग उघड्यावर दिसलेला मला नको असायचा. ट्राममध्ये लोक बघतात. म्हणून मी बाही वर सारून दंडावर थेंब लावून घ्यायची आणि बाही खाली ओढायची. दर वेळी त्याच जागी.

एके दिवशी आंघोळ करताना दंडावर पांढरट चट्टा दिसला. हात फिरवला तर जागा खरखरीत लागली. नखानं चिमटा काढला. लागला की नाही, तेच ठरवता येईना. माहेरच्या गावी एका बाईला असाच चट्टा उठला होता. तिला घरच्यांनी गावाबाहेर झोपडी बांधून दिली आणि तिची मुलं पुन्हा तिच्याजवळ गेली नाहीत. कलपाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. कलपानं काळं होतं, हे तर पांढरं, असा माझा हिशोब.

मी कुणाला काही सांगितलं नाही. माझं ताट वेगळं काढलं, ते मीच घासायची. जमिनीवर चटई टाकून निजू लागले. मुलगी तेव्हा लहान होती, माझ्या कुशीत शिरल्याशिवाय तिला झोप येत नसे. मी तिला सासूबाईंकडे ढकलायची. ती रडायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

अशात कॉर्पोरेशनचा माणूस दुकानात आला. त्यानं टॉवेल उकळायचं भांडं पाहिलं, कंगवे औषधाच्या पाण्यात बुडवलेले पाहिले, आणि सांगितलं, की लायसन्स नवं करून हवं असेल तर काम करणाऱ्या प्रत्येकीनं डॉक्टरकडून अंग तपासून दाखला आणावा. कातडीचा रोग असेल तिला गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लावता येणार नाही.

मॅडम म्हणाल्या, “कल दोनों जाओ.”

दोघी म्हणजे मी आणि पूर्व बंगालातून आलेली माझी जोडीदारीण. तिचं तोंड दिवसभर बंद नसायचं. मी दवाखान्याच्या पायरीवर थबकले तशी ती म्हणाली, “चलो ना दीदी! डॉक्टर क्या बाघ है?”

“तू जा. मेरा पेट दुखता है.”

“पेट में दर्द है तो और अच्छा. डॉक्टर के पास ही आई हो!” असं म्हणून तिनं मला हाताला धरून आत नेलं.

डॉक्टरीण बंगाली होती, वयानं माझ्या सासूबाईंएवढी. जोडीदारणीचं लगेच आटोपलं. मला हिंदीत म्हणाली, “हात दाखव.” मी दाखवले. “बाही वर कर.” माझे हात हलेनात. तिनं स्वतःच बाही सारली आणि तिची नजर तिथं थांबली. मी म्हटलं, झालं. आता नोकरी गेली, घर गेलं, पोर गेली. मी तिथंच रडायला लागले. तोंडातून एवढंच निघालं, “मेरी बच्ची छोटी है.”

डॉक्टरणीनं कापूस घेतला. मला डोळे मिटायला सांगून म्हणाली, “मी कापूस लावीन. लागला की बोट तिथं ठेव.” मी डोळे मिटले. काहीतरी पिसासारखं टेकलं. मी बोट ठेवलं. पुन्हा टेकलं, पुन्हा ठेवलं. मग तिनं गरम पाण्यानं भरलेली काचेची नळी आणि गार पाण्याची नळी लावली. कुठली कुठली ते मी बरोबर सांगितलं.

“डोळे उघड. तुला काय झालंय असं वाटलं होतं?”

मला तो शब्द उच्चारवेना. तिनंच उच्चारला. मी मान हलवली.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग डॉक्टर तू की मी? तसलं काही नाही. इथं काय लावतेस?”

“काही नाही.”

“लगाती है ना!” दारातून जोडीदारीण ओरडली. “बाल का काला रंग! हर नई बोतल का!”

डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं. मी भीत भीत विचारलं, “काळ्यानं पांढरं कसं होईल?” तशी ती इतकी हसली, की तिला चष्मा काढावा लागला. मग समजावून म्हणाली, की त्या औषधानं कातडी पुन्हा पुन्हा पोळली, म्हणून तिचा रंग उडाला. “आणि गिऱ्हाइकाला सोसतं की नाही, ते तुझ्या दंडाला काय ठाऊक? ज्या बाईचे केस, तिच्या कातडीवर थेंब. मालकिणीला सांग.” आणि दाखल्यावर सही केली.

बाहेर रस्त्यावर येऊन मी जोडीदारणीच्या गळ्यात पडले. तिला काही कळलं नाही, तीही रडली, मग दोघी हसलो. मॅडमना तिनंच सांगितलं, माझी काय छाती! मॅडम बराच वेळ बाटली हातात धरून वाचत बसल्या. मग माझी बाही वर करून बघितली आणि म्हणाल्या, “सॉरी.” त्या दिवसापासून थेंब गिऱ्हाइकाच्या कानामागे. एकदोघी कुरकुरल्या. मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दाखला मिळाला त्या संध्याकाळी घरी आले ती पोरीला उचलूनच घेतलं. ती आधी रुसली, मग इतकी घट्ट बिलगली, की मला तिला कडेवर घेऊनच भात टाकावा लागला. रात्री तिला माझ्याच ताटात जेवायला बसवलं.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, “संपलं वाटतं?”

“काय हो?”

“व्रत गं. वेगळं ताट, भुईवर निजणं. मी मुद्दाम विचारलं नाही. पण आपल्या बागबाजारातल्या बायकांना सांगून ठेवलं होतं, आमची सून मुकाट्यानं कडक व्रत करतेय म्हणून.”

हे म्हणाले, “मला वाटलं, मला नोकरी लागावी म्हणून करतेय. लागली की गेल्या आठवड्यात!”

मी यांच्याकडे बघितलं. किती खूश दिसत होते! मी यांच्या पानात आणखी भात वाढला.

“उद्यापन करायला हवं,” सासूबाई म्हणाल्या. “मेहूण जेवू घालू.”

कलकत्त्यात मराठी मेहूण कुठलं मिळायला? शेवटी बालीगंजच्या एका मराठी साहेबांना सपत्नीक बोलावलं. पुरणपोळ्या केल्या. साहेबांच्या बायकोनं विचारलं, “कुठलं हो व्रत?”

“सांगायचं नसतं,” सासूबाई परस्पर म्हणाल्या.

मी खाली मान घालून वाढत होते. साहेबांच्या पोळीवर तुपाची धार जरा जास्तच पडली. एरवी सासूबाईंनी डोळे वटारले असते, पण त्या दिवशी म्हणाल्या, “वाढ गं, हात आखडू नकोस.”