ड्रायरची गादी

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. शांती नगरात गाढवं पुष्कळ असतील. पण गावाहून आलेल्या पाहुण्यांसमोर, भर घरात, ओल्या डोक्याने गाढव ठरलेला मी एकटाच.

माझा मोठा भाऊ, दादा, मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत होता. दोन वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला. तिकडून लोक सोनं आणतात, टेप आणतात. हा कपडे सुकवायचं मशीन घेऊन आला! आत ओले कपडे टाकायचे, बटण दाबायचं. गरम हवा आत फिरते आणि सगळी ओल घेऊन मागच्या जाड पाइपातून गॅलरीबाहेर जाते. बिल्डिंगमधली माणसं बघायला यायची. दादा झाकण उघडून नवी सून दाखवावी तसं दाखवायचा. मी पुढे झालो की म्हणायचा, "तू लांबून बघ."

यंदा पावसाळ्यात दादा गेला. काविळीने.

रविवारी दादाचं जलदान, म्हणजे गेल्यानंतरचा विधी, ठरलं. घरच्या सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे. चार दिवस उघाड नव्हती, म्हणून शनिवारी सकाळी वहिनीने सगळ्यांचे पांढरे कपडे धुऊन दादाच्या मशीनमध्ये टाकले. तासाभराने काढले तर होते तसे ओले. फक्त कोमट.

ताईचा नवरा, आमचे दाजी, पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "द्या भंगारात. संध्याकाळी माणूस बोलावतो. उद्या एवढे लोक येणार, हे धूड कुठं ठेवायचं?"

"मशीन कुठं जात नाही," मी म्हणालो. "मी चालू करतो."

"तू? तुला ट्यूबचा स्टार्टर बदलता येत नाही."

"संध्याकाळपर्यंत नाही झालं तर द्या भंगारात. मी स्वतः खाली उतरवून देतो."

बोलून बसलो ना! माझं असंच आहे. तोंड आधी निघतं, मी मागून पोचतो. सातवीत शाळा अशीच सुटली.

गॅलरीत जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरला. हवा येत होती, पण जेमतेम. शेवटच्या आठवड्यात दादाच्या नाकापुढे हात धरला की अशीच लागायची. मी हात काढून खिशात घातला.

मग पाइप सोडवला. त्यातून झाडूची दांडी आरपार घातली. पाइप मोकळा, परत जोडला. म्हणजे रोग आत आहे. मशीनचं दार उघडलं, तर दारापाशी एका खाचेत जाळी, आणि जाळीवर बोटभर जाड, मऊ, निळसर करडी गादी बसलेली.

वहिनी दारात आली. "भाऊजी, ती जाळी आहे ना, ती..."

"माहितीय वहिनी. तुम्ही बसा."

मला खरंच माहीत होतं! आम्ही परभणीकडचे. आमच्याकडे कूलर असतो, कूलरला वाळ्याची ताटी असते. ताटी वाळली, मळली की हवा येत नाही. धुवायची, ओली करायची, की गारेगार. हवेचं मशीन म्हणजे हवेचं मशीन. मी ती गादी तळहातावर अलगद उचलली, मोरीत नेली आणि शाम्पूची पुडी फोडून धुतली. साध्या साबणाने खराब झाली असती. मग ओलीच जाळीवर नीट पसरून बसवली.

मशीन लावलं. पाइपाला हात लावला. आता तर काहीच नाही!

"भाऊजी," वहिनी परत आली, "अहो ते आधी..."

"वहिनी, गादी झिजलीय. नवी लागणार."

छत्री न घेता निघालो. कोपऱ्यावरच्या गादीवाल्या चाचांकडे गेलो.

"चाचा, थोडी रुई देना. मशीन की गादी बनानी है."

"मशीन सोएगी क्या?"

"नहीं चाचा. उसको साँस नहीं आ रही."

चाचांनी पिंजायचं थांबवलं, माझ्याकडे नीट बघितलं. दादाचं त्यांना माहीत होतं. "ले जा बेटा," ते हळूच म्हणाले, "और घर जाके थोड़ा सो जा."

रुई घेऊन आलो. जुन्या गादीवर चांगला चार बोटं थर दिला आणि बोटांनी खाचेत ठासून ठासून बसवला. वहिनीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं. मी हातानेच थांबवलं.

मशीन लावलं. पाच मिनिटांत करपल्याचा वास. दाजींनी पेपर खाली ठेवला. "बोलावू का माणूस?"

तेव्हा वहिनी उठली. स्विच बंद केला, जाळी उपसली, माझी सगळी रुई आणि दादाची गादी एका मुठीत ओढून काढली आणि पाटीत टाकली.

"वहिनी! अहो, पार्ट आहे तो!"

"कचरा आहे भाऊजी. कपड्यांचे धागे निघतात ते. दर वेळी काढून टाकायचे असतात. तुमचे दादा आजारी पडल्यापासून माझ्याही लक्षातून गेलं, ते आत्ता जाळी बघून आठवलं."

"मग सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं."

म्हणजे मी कचऱ्याला शाम्पू लावला होता!

वहिनीने ओले कपडे परत आत टाकले, रिकामी जाळी बसवून बटण दाबलं. मी गॅलरीत धावलो आणि या वेळी हात न धरता तोंडच पाइपासमोर नेलं. आणि काय हवा आली राव! जाळीच्या कडेने आत गेलेली सगळी रुई घेऊन आली. डोकं पावसाने भिजलेलंच होतं. एकही पुंजका वाया गेला नाही, सगळे डोक्याला चिकटले.

तेवढ्यात बेल वाजली. गावाहून आत्या आली होती. मी तसाच पुढे होऊन पाया पडलो. आत्याने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि हंबरडा फोडला.

"अगं माय! भावाच्या दुःखानं लेकरू पिकलं की गं!"

तिच्यामागच्या बायकाही रडायला लागल्या. आत्या मला कुरवाळत होती, रुई तिच्या हाताला चिकटत होती, तिला डोळ्यातल्या पाण्यात दिसत नव्हतं. मीही रडून घेतलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. पाठीमागे वहिनी तोंडात पदर कोंबून हलत होती. मला वाटलं तीही रडतेय. नीट बघितलं तर हसत होती.

तासाभरात कपडे कडक वाळले. दाजींनी आपला सदरा हुंगला, दोनदा झटकला, आणि म्हणाले, "राहू दे मशीन."

तर मशीन आहे अजून. पावसाळाभर सगळी बिल्डिंग कपडे घेऊन येते, वहिनी सगळ्यांना जाळी साफ करायला शिकवते. समोरच्यांचा सहा वर्षांचा पिंटूसुद्धा चालवतो. मी आत गेलो की तो म्हणतो, "काका, तुम्ही लांबून बघा."