गुणाजीचा टोप

गुणाजी परबला मुलुंडच्या रस्त्यावर पाहिलंत तर लक्षातही ठेवणार नाही. ठेंगणा, शर्ट पँटच्या बाहेर, खिशात बिया. खरोखरच्या बिया. बहावा, रिठा, कांचन, वाटेत जे पडलेलं दिसेल ते उचलतो आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी पेरतो. औषधांच्या कंपनीत पॅकिंगमध्ये छत्तीस वर्षं काढली, पण त्याबद्दल दोन वाक्यंही बोलणार नाही. माहुलीच्या गडाबद्दल विचारा, तुमचं ताट थंड होईल.

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं माहुलीला जातो. गुणाजी, त्याच्या कंपनीतला अंबादास आणि मी, श्यामकांत. एकोणतीस वर्षं झाली. वर पोचलं की तीन दगडांची चूल आणि गुणाजीच्या हातचा भात आणि कुळथाची पिठी. भात शिजायचा तो त्याच्याच टोपात. पहिल्या पगारातून त्याने तो आईसाठी घेतला होता आणि दुकानातच काठावर नाव घालून घेतलं होतं, ‘आईस, गुणाजीकडून’. त्यांच्या लालबागच्या खोलीत गणपतीच्या नैवेद्याचा भात याच टोपात व्हायचा, हे तो दरवर्षी सांगतो आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकतो. भात झाला की पहिला घास पानावर काढून कड्याच्या टोकाशी ठेवतो, आईच्या नावाने. मग आम्हाला वाढतो. तशी पिठी मला घरी कधी लागली नाही, आणि हे मी बायकोसमोरही बोललोय.

गेल्या वर्षी गड चढताना शिडीपाशी त्याला चक्कर आली. दोन तास सावलीत बसवलं आणि धरून खाली आणलं. पुढे गोळ्या सुरू झाल्या. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. या बाबाने सॅकमध्ये पाण्याच्या चार बाटल्या भरल्या आणि रोज सकाळी आमच्या इमारतीचे जिने चढायला लागला. तळापासून सातव्या मजल्यापर्यंत, जिथे तो राहतो. पाच फेऱ्या. मी तिसऱ्यावर. प्रत्येक फेरीला माझ्या दारावरची बेल एकदा वाजवायचा.

“मोजतोयस ना, श्याम्या?”

“तीन झाल्या. चल पुढे.”

वर्षभर हे चाललं. जानेवारीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हळू चढा, हरकत नाही. तो कागद घेऊन गुणाजी आधी माझ्याकडे आला, मग घरी गेला. माहुलीची तिसावी फेरी होती ना.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको मालन आमच्या दारात. “भावोजी, ह्यांना नेऊ नका. डॉक्टर काय, सांगून मोकळे. मी सांगितलं तर ऐकायचे नाहीत. तुम्हीच म्हणा, यंदा रद्द.”

तिचे डोळे भरलेले होते. मी हो म्हटलं. आता रद्द म्हणायचं तर खरंच रद्द करावं, इतकी अक्कल साठीच्या माणसाला असायला हवी. पण अंबादास म्हणाला, “आपण दोघं जाऊन येऊ यार. खंड कशाला? त्याला कळणार कसं?” आणि मला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं.

मी गुणाजीला सांगितलं की त्या रविवारी माझ्या बायकोच्या, अनुपमाच्या माहेरी, डोंबिवलीला सत्यनारायण आहे, तेव्हा यंदा जमत नाही. तो म्हणाला, “देवाचं काम आहे, त्याला काय करणार. पुढच्या वर्षी.” इथवर तरी ठीक होतं. पण माहुलीवरचा भात दुसऱ्या भांड्यात शिजवायचं आम्हा दोघांना सुचलंच नाही. एकोणतीस वर्षांची खोड. मीच बोलून गेलो, “शिऱ्याला तुझा टोप देतोस का?”

त्याने स्वतः टोप काढला, पुसला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. मालन ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

रविवारी आम्ही गेलो. भात कच्चा राहिला, पिठीत गुठळ्या झाल्या. अंबादासने तरीही टोपाचा फोटो काढून कंपनीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. आम्ही दोघं त्यात दिसत नव्हतो, म्हणून तो निर्धास्त. गुणाजी त्या ग्रुपवर आहे, हे त्याला घरी आल्यावर आठवलं, आणि तेही त्याने मला सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी टोप परत द्यायचा होता. उसनं आणलेलं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. अनुपमाने रव्याचा शिरा केला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हणाली, “तूच जा. मला त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही.”

गुणाजीने दार उघडलं. मी टोप पुढे केला. त्याने चपला काढल्या, शिरा उजव्या हातावर घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. सावकाश.

“कथा किती वाजता सुरू झाली?”

“दहा वाजता.”

“गुरुजी कोण होते?”

मी काहीतरी नाव सांगितलं. त्याने टोप उचलून खालून बघितला. “घासलाय चांगला. पण चुलीची काजळी अशी जात नाही, श्याम. राखेने घासावी लागते. मी दरवर्षी आल्यावर तेच करतो, तुला कुठून माहीत असणार.” मग मोबाईल काढून त्याने फोटो माझ्यासमोर धरला. धूर, भात आणि काठावरची अक्षरं.

मी म्हटलं, तुझ्याच काळजीपोटी. हे ऐकून तो हसला असता तरी बरं झालं असतं.

“काळजी होती तर तोंडावर सांगायचं, गुणाजी, तुला नेत नाही. मी भांडलो असतो. चार दिवस बोललो नसतो. तुम्ही माझ्याच हातून टोप नेलात. मी तो पुसून दिला.” त्याने मोबाईल खिशात ठेवला. “आईचा घास काढलात?”

इतकं खोटं बोललो होतो, आणखी एक सहज खपलं असतं. पण तोंडातून नाही निघालं. “विसरलो,” मी म्हटलं.

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. मालन तिथे उभी होती. “तुका म्हायत होता?” त्याने मालवणीत विचारलं. तिने नजर खाली वळवली. त्याने मान हलवली, टोपाला झाकण घातलं आणि माझ्या हातात परत दिला.

“ठेव तुझ्याकडे. पुढच्या वर्षी परत सत्यनारायण घालाल तेव्हा लागेल.”

टोप आमच्या माळ्यावर आहे. दोनदा परत करायला गेलो. दोन्ही वेळा मालनने दार उघडलं आणि म्हणाली, ते घेणार नाहीत, भावोजी, माझ्याशीही कामापुरतंच बोलतात.

जिने मात्र तो अजून चढतो. सकाळी सहाला बाटल्यांचा आवाज खालून येतो, आमच्या दारापर्यंत पोचतो आणि वर जातो. पाच वेळा. मी आत बसून मोजतो. बेल तो वाजवत नाही.