तुझ्याच हातानं
उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारासाठी चर्चच्या अंगणात जुन्या झावळ्या जाळून राख केली, की त्या धुराने बेलापूरच्या चर्चमधली ती सकाळ आठवते. धर्मशिक्षक म्हणून फादरांशेजारी उभा राहून मी लोकांच्या कपाळाला राख लावत होतो, ‘तू माती आहेस, मातीलाच मिळशील’ म्हणत होतो, आणि सगळे माझ्यापुढे मान झुकवतात याचाच मला माज चढला होता. घरच्यांना न सांगता लग्न केलेली धाकटी बहीण माझ्याच रांगेत आली. “दादा, तुझ्याच हातानं लाव.” तिच्याकडे न बघता मी म्हणालो, “फादरांच्या रांगेत जा.” ती कोरड्या कपाळानेच निघून गेली. त्याच उन्हाळ्यात तापाने वारली. कबरीपाशी तिचा नवरा म्हणाला, “पहिली मूठभर माती तुमच्या हातानं टाका, दादा.” शेवटच्या दिवशी न्याय होईल, असं मी अजून मुलांना शिकवतो; माझा न्याय त्या मुठीतच होऊन गेला.