टेकडीवरून उतरताना मागे लागलेली स्कूटर

परवा संध्याकाळी टिटवाळ्याच्या मागच्या टेकडीवर सायकल घेऊन गेलेले... एकटीच. ऑफिस लांब, वागळे इस्टेटला, त्यामुळे आठवडाभर सायकल गॅलरीतच उभी असते. त्या दिवशी घरून काम होतं. लॅपटॉप मिटला आणि निघाले.

दिवाळीनंतर अंधार किती पटकन पडतो, हे दरवर्षी विसरायला होतं. उतरायला लागले तेव्हा सूर्य गेलेला, गार वाऱ्याने ब्रेकवरची बोटं बधीर झालेली. त्यात सायकल एका खड्ड्यात आपटली आणि पुढचा लाइट गेला... दोनदा थोपटला, पण छे.

कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळकं गवत, चिटपाखरू नाही. अंदाजाने उतरत होते, तेवढ्यात मागून स्कूटर आली. पुढे जाऊ दे म्हणून मी कडेला झाले... ती गेलीच नाही.

मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. मी थांबले, तर तीही थोडं अंतर ठेवून थांबली. हेडलाइट थेट डोळ्यांवर... कोण आहे, किती जण आहेत, काही दिसेना. फोनला रेंज नाही. सायकलचा हवेचा पंप काढून हातात घट्ट धरला आणि ओरडले, "कोण आहे? काय पाहिजे?"

"अगो बाय, भिऊ नको!" बाईचा आवाज आला. "तुजी बत्ती बंद हाय ना, म्हनून मागशी उजेड धरलाय. तू चल फुडं."

मागच्या सीटवरून एक मावशी उतरली. स्कूटरवर तिचा नवरा. शेतावरून घरी चाललेली दोघं. माझ्या हातातला पंप बघून काका लांबूनच म्हणाले, "ताई, ते आधी खाली ठेवा!"

मी तिथेच मातीत बसले... हसू आणि रडू एकदमच आलं. मावशीने माझे गार पडलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "एकटी बघून तुला सोडून कशी जाऊ गो?" एवढंच म्हणाली.

डांबरी रस्ता लागेपर्यंत दोघं मागे होती. दिवे दिसले तशी मावशीने हात केला आणि स्कूटर उलटी फिरली... त्यांच्या गावाचा फाटा केव्हाच मागे राहिलेला.

नवा लाइट घेतलाय. एकटीने जाणं काही सोडणार नाही. ज्यांच्यापासून पळत होते, तीच दोघं मला सुखरूप खाली पोचवत होती... अजून आठवलं की हसू येतं.