रॉबिनचं अर्धं वाक्य

जॅनीनच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच भिंत. त्यामुळे तिच्याकडची प्रत्येक गोष्ट मला कळते, आणि जी कळत नाही ती मी विचारून घेते. तिची मुलगी रॉबिन लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत. हातपाय चालत नाहीत, बोलता येत नाही, डोकं मात्र लख्ख. ‘हो’ म्हणायला वर बघते, ‘नाही’ म्हणायला डोळे मिटते. बाकी सगळं अक्षरांच्या पारदर्शक पाटीवर. पाटी समोर धरायची आणि तिची नजर कुठल्या अक्षरावर थांबते ते बघायचं. जॅनीनला तेवढंही लागायचं नाही. पहिला शब्द झाला की पुढचं वाक्य बाईसाहेब स्वतःच पुरं करून मोकळ्या. आम्हाला त्याचं केवढं कौतुक!

रॉबिनचा अठरावा वाढदिवस जवळ आला तशी जॅनीनची झोप उडाली. इथे इंग्लंडात, आमच्या बॅटली गावात, त्या दिवसापासून मुलांचे डॉक्टर बंद, व्यायाम घेणाऱ्या बाई बंद, महिन्यातून दोन दिवस सांभाळणारं घरही बंद. पोरीला मोठ्यांच्या विभागात ढकलून सरकार हात झटकतं.

"तिथे हिला कोण ओळखतं?" ती मला विचारायची. "दुखलं-खुपलं तरी कुणाला कळायचं नाही." मी म्हणायचे, होईल सगळं नीट. म्हणायला माझं काय जात होतं? पोरीला उचलून उचलून तिची पाठ धरलेली मला दिसत होती, आणि भीती मलाही वाटत होती.

पोरांना मोठ्यांच्या विभागात रुळवायला नसरीन नावाची मुलगी नेमलेली होती. तिने वाढदिवसाआधी आम्हाला बोलावलं. गाडी माझी. वाटेत मी सल्ला द्यायला गेले तर जॅनीन म्हणाली, "ब्रेंडा, तू गाडी चालव, अक्कल नको चालवूस." रॉबिन खिदळली.

नसरीनने पाटी स्वतः धरली आणि जॅनीनला मध्ये न बोलण्याची विनंती केली. मग रॉबिनला विचारलं, तुला कशाची काळजी वाटते?

रॉबिनने नजरेने ‘आई’ लिहिलं.

"आई कुठे जाणार, हेच ना?" जॅनीनला राहवलं नाही. "घरीही रोज असंच सुरू करते. मी इथेच आहे गं, राणी."

रॉबिनने डोळे मिटले. घट्ट.

नसरीन नवखी. तिला अंदाज बांधता येत नव्हता, म्हणून ती एकेका अक्षरासाठी थांबत होती. शेवटी तिने हळूच वाचून दाखवलं.

"आई मेल्यावर मला कोण उचलणार?"

पोरीने हे किती वेळा सुरू केलं असेल, आणि आईने मायेपोटी किती वेळा तोडलं असेल.

"मला नाही माहीत, बाळा," जॅनीन म्हणाली. "मीही रोज तोच विचार करते."

रॉबिनने वर बघितलं.

नसरीनने खोटा धीर दिला नाही. या प्रश्नाचं उत्तर शोधण्यापासूनच सुरुवात करू, एवढंच ती म्हणाली.

आम्ही गाडीपाशी आलो. रॉबिनला उचलायचं तर ते जॅनीननेच. इतक्या वर्षांत मला तिने कधी हात लावू दिला नव्हता. तिने दार उघडलं आणि मागे सरली.

"तू उचल," ती म्हणाली. "डावा हात मानेखाली. मी बघते."

मी वाकले. रॉबिनची नजर माझ्यावर नव्हती, आईवर होती. जॅनीन आपलेच दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती.