पूरमावशीची रेघ

नदीकाठच्या जुन्या होडीनाक्याची खोली गेली तीस वर्षं पूरमावशी सांभाळत होती. पूल होण्याआधी पलीकडे जाणारी माणसं इथे होडीची वाट बघत. आता तिथे दोन वल्ही, होडी बोलवायची पितळी घंटा आणि भिंतीवर मोठ्या पुराची निळी रेघ होती. गाव बघायला येणारे पूल बघत, बाजार बघत आणि शेवटी या रेघेशी उभं राहून फोटो काढत.

माणसांवर विश्वास ठेवणं मावशीला जमत नसे. आलेल्याचे हात ती आधी बघे, तोंड नंतर. त्यामुळे मोजायची टेप घेऊन एक माणूस लागोपाठ तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ती त्याच्यावर नजर ठेवून राहिली. घंटा नाही, फोटो नाही. रेघ मोजायची, वहीत लिहायचं, चालू पडायचं.

"कचेरीचा आहे," ती दारासमोर चहा विकणाऱ्या धाकट्या जावेला म्हणाली. "खोट काढून खोली बंद करणार."

"तुम्हाला पोस्टमनसुद्धा चोर वाटतो, जाऊबाई. पण खोट आहे का काही?"

खोट होती, आणि ती फक्त मावशीलाच माहीत होती. पूर ओसरल्यावर मूळ रेघ सासऱ्यांनी खिळ्याने कोरली होती. दरवर्षी चुना मारला की ती बुजायची. पहिल्या वर्षी रेघ बरोबर तिच्या खांद्याला लागत होती, म्हणून मावशी दरवर्षी खांदा भिंतीला लावून नवी ओढायची. हे कळलं तर नोकरी जाणार, आणि मागची राहती खोलीही.

चौथ्या दिवशी तिने त्याला दारातच अडवलं. "कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"बायकोने," तो म्हणाला. "नदीला लागून घर बांधतोय, मावशी. जोतं या रेघेच्या चार बोटं वर घेणार. पण तिला माझ्या आकड्यावर भरवसा नाही. रोज परत पाठवते."

सबब म्हणून बरी होती. मावशीने त्याचे हात बघितले. सिमेंटने चिरा पडल्या होत्या.

त्याने टेप ताणली, तशी तिची नजर खिडकीच्या कडीवर गेली. पूर्वी रेघ कडीला लागून जायची. आता कडी वीतभर वर होती. दुरुस्तीच्या वेळी सुतारानेच ती वर बसवली, असं मावशी इतकी वर्षं धरून चालली होती. तिने खांदा भिंतीला लावला. रेघेला बरोबर लागला. मग वयाने वाकलेल्या कमरेवर हात ठेवून, कळ सोसत, ती जमेल तेवढी ताठ झाली. खांदा रेघेच्या वर गेला.

सुतार बिचारा कधीच वारला होता.

"थांबा जरा," म्हणून ती आत गेली आणि उलथनं घेऊन आली. कडीच्या उंचीवर तिने चुना खरवडला. पापुद्र्यांवर पापुद्रे पडले, आणि खाली खिळ्याची रेघ निघाली.

"ही मोजा," ती म्हणाली. "खालची माझी आहे. चुकलेली. तसंच लिहा."

त्याने टेप लावली, मान हलवली आणि लिहायला लागला. मावशी त्याच्या खांद्यावरून वहीत डोकावून बघत होती, बरोबर लिहितोय ना म्हणून.